रॉडचे सहा बोल्ट आणि गॅरेजचं नाव



ट्रॅक्टरचं इंजिन बांधण्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यात कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आवळण्याचा भाग जेमतेम चार मिनिटांचा आहे. खरं तर त्यावर पूर्ण दिवस घालवायला पाहिजे होता. म्हणून राहिलेलं इथे लिहितोय. ज्यांना वाशिम, रिसोड, मालेगाव, कारंजा, मंगरुळपीर, मानोरा या भागात ट्रॅक्टरचं गॅरेज टाकायचंय, त्यांनी हे सावकाश वाचा. कॉम्प्युटरचं दुकान टाकणाऱ्यांनी यावेळी सोडून दिलं तरी चालेल.

वाशिमच्या प्रशिक्षणात एका मुलानं उभं राहून विचारलं, "सर, टॉर्क पाना कायले पाह्यजे? आमच्या उस्तादच्या हाताले बरोबर समजते."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्याच्या वयाचा असताना मीही हेच बोलायचो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझं स्वतःचं गॅरेज होतं. दोन शटर, एक चेन ब्लॉक, हाताखाली एक पोऱ्या. ऑगस्टमध्ये एका काकांचा ट्रॅक्टर फुल इंजिनला आला. लायनर-पिस्टनचं किट नवीन टाकलं, क्रँक ग्राइंडिंग करून घेतला, बेअरिंग नवी बसवली. रॉडचे बोल्ट मात्र जुनेच ठेवले. डिझेलनं धुतल्यावर चकचकीत दिसत होते, मग बदलायचे कशाला? लांब दांड्याच्या पान्यानं ओढले. एक-दोन बोल्टांना तर दांड्यात पाइप घालून अजून थोडे, निव्वळ मनाच्या समाधानासाठी. इंजिन सुरू झालं, आवाज गोड, काका खूश, मी खूश.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची सुडी काढायला ट्रॅक्टर हडंब्याला जोडला. दिवस मावळता फोन आला. "बापू, इंजिनातून लई मोठा आवाज झाला अन् तेल सारं खाली सांडलं."

मी गेलो तेव्हा इंजिनच्या ब्लॉकला बाजूनं तळहाताएवढी खिडकी पडली होती आणि त्यातून रॉडचं टोक बाहेर डोकावत होतं. अर्धी सुडी उभी, पश्चिमेला ढग. दुसरा ट्रॅक्टर मिळायला तिसरा दिवस उजाडला, कारण हंगामात कोणाचा ट्रॅक्टर रिकामा असतो? मधल्या रात्री पाऊस आला. वरून ताडपत्री होती, पण खालून ओल गेली. काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू मुद्दाम थोडंच केलं? पण पुढच्या साली ट्रॅक्टर तुह्याकडे आणायचा का नाही, ते तूच सांग मले."

यावर मला उत्तर देता आलं नाही.

बोल्ट तुटतो कधी?

चेंबरमधून त्या बोल्टचे दोन तुकडे काढले. कित्येक वर्षं ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि प्रत्येक बॅचमध्ये हातोहात फिरतात. तुटलेल्या तोंडाकडे नीट पाहिलं की दोन भाग दिसतात. एका बाजूनं गुळगुळीत, नदीच्या वाळूवर पाण्याच्या रेघा उमटतात तशा बारीक रेघा. दुसऱ्या बाजूचा थोडासा भाग खडबडीत, दाणेदार. गुळगुळीत भाग म्हणजे बोल्ट हळूहळू चिरत गेला तो. खडबडीत भाग म्हणजे शेवटी उरलेलं लोखंड एका झटक्यात गेलं तो. म्हणजे बोल्ट त्या संध्याकाळी तुटला नव्हता. तो बरेच दिवस तुटतच होता. त्याच रॉडचा दुसरा बोल्ट तुटला नव्हता, पण त्याची कंबर बारीक झाली होती. पाइप घालून ओढलेला बहुतेक तोच.

पुष्कळ जणांना वाटतं की डिझेल पेटतं त्या दणक्यानं रॉडचा बोल्ट तुटतो. तसं नाही. डिझेल पेटतं तेव्हा पिस्टन खाली दाबला जातो, रॉड क्रँकवर दाबली जाते. त्यावेळी खालच्या कॅपवर आणि बोल्टांवर फारसा ताण नसतो. ताण येतो तो धूर बाहेर टाकताना. पिस्टन वेगानं वर जातो, वर गॅसचा दाब नसतो, आणि त्याला थांबवून परत खाली ओढायचं काम रॉडला करावं लागतं. रॉडला क्रँकशी धरून ठेवलेलं असतं फक्त कॅपनं. आणि कॅपला धरून ठेवलेलं असतं दोन बोल्टांनी.

थोडा हिशोब करू. आपल्याकडच्या साध्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये स्ट्रोक ११० मिलिमीटर धरा, वेग मिनिटाला २,२०० फेरे, आणि पिस्टन, गजनपिन, रिंगा व रॉडचा वरचा भाग मिळून दोन किलो वजन. या आकड्यांवर तो झटका साधारण ७५० किलोचा येतो. दोन किलोच्या वस्तूला थांबवायला साडेसातशे किलोचा हिसका! आणि फोरस्ट्रोक इंजिनात हे दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे मिनिटाला १,१०० वेळा होतं. दहा तास हडंबा चालला की साडेसहा लाखांच्या वर हिसके. वाकवून वाकवून तार तुटते ना, तसंच हे.

यातली खरी मेख वेगात आहे. वेग दुप्पट झाला की हिसका चौपट होतो. ट्रॉली भरून उतारावरून गिअरमध्ये गाडी सोडली आणि इंजिन २,२०० वरून ३,००० ला गेलं, की हिसका जवळपास दुप्पट. त्यामुळे इंजिन फुटून आलं तर "घाट उतरताना गिअर कोणता होता?" हा प्रश्न मी आधी विचारतो. चूक नेहमी मिस्त्रीचीच असते असं नाही.

आता उस्तादच्या हाताबद्दल. त्यांचा मान ठेवूनच बोलतो. आपल्याकडे इंजिनची विद्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनांपासून आली. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनची कंपनी काढली, गुजरातेत राजकोटला लिस्टर पद्धतीची जड चाकांची इंजिनं बनू लागली, आणि गावोगाव ती बांधणारे, उघडणारे हात तयार झाले. लिस्टर पद्धतीचं ते जुनं इंजिन मिनिटाला ६५० फेरे फिरायचं. नुसत्या वेगाचा हिशोब धरला तरी २,२०० च्या तुलनेत हिसका अकराव्या भागाएवढा. तिथे बोल्ट थोडा कमी-जास्त आवळला तरी इंजिन माफ करायचं. उस्तादचा हात खोटा नव्हता, त्याच्यासमोरचं इंजिन वेगळं होतं. तोच हात त्यानं पोराला शिकवला आणि पोरासमोर आलं २,२०० फेऱ्यांचं इंजिन.

दुसऱ्या टोकाला मालवण-तारकर्लीला जाऊन बघा. पर्यटकांच्या स्पीडबोटीला मागे आउटबोर्ड इंजिन लटकवलेलं असतं. ते पाच-सहा हजार फेऱ्यांवर तासन्‌तास पूर्ण रेसमध्ये चालतं, आणि लाटेवर बोट उडून पंखा पाण्याबाहेर आला की क्षणभर त्याहूनही वर जातं. ८० मिलिमीटर स्ट्रोकचं इंजिन ६,००० वर धरलं, तर किलोमागे हिसका आपल्या ट्रॅक्टरच्या पाचपटीहून जास्त भरतो. अशा वेगाच्या इंजिनांची कामं करणारे काही जण रॉडच्या बोल्टची लांबी मायक्रोमीटरनं मोजून तो आवळतात. आपल्याला तेवढं करायची गरज नाही, पण ते लांबी का मोजतात हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आवळणं म्हणजे ताणणं

बोल्ट ही रबराच्या बँडसारखी वस्तू आहे, फक्त फार कडक रबर. आपण नट फिरवतो तेव्हा बोल्ट लांब होतो. किती? रॉडच्या बोल्टचा पकडीतला भाग ५० मिलिमीटर असेल तर बरोबर आवळल्यावर तो मिलिमीटरच्या साधारण सातव्या भागाएवढा वाढतो. वहीची दीड पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी, तेवढा. तो आखडून परत मूळ लांबीला यायला बघतो, आणि त्या आखडण्यानं कॅप रॉडला घट्ट धरली जाते.

बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. लोखंडी धाव लालबुंद तापवून लाकडी चाकावर चढवतात आणि वरून पाणी ओततात. धाव आखडते आणि चाकाचे सगळे तुकडे एकमेकांत दाबून धरते. तिला एकही खिळा लागत नाही. धाव ढिली पडली की चाक खुळखुळतं आणि मग आरे मोडतात. रॉडच्या बोल्टचं तंतोतंत तेच आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येते. बोल्टनं कॅपला तीन टनांनी दाबून धरलं असेल आणि हिसका पाऊण टनाचा असेल, तर कॅप रॉडपासून सुटतच नाही. त्यामुळे बोल्टला प्रत्येक हिसक्याचा अगदी थोडाच भाग जाणवतो, तो जवळजवळ एकाच ताणात उभा राहतो, आणि एकाच ताणातलं पोलाद वर्षानुवर्षं टिकतं. पण बोल्ट ढिला असेल तर फट उघडते, मिटते, उघडते, मिटते, आणि प्रत्येक हिसका पुरता बोल्टवर येतो. साडेसहा लाख वेळा, एका दिवसात. म्हणून ढिला बोल्ट तुटतो तेव्हा आपल्याला वाटतं की "जास्त लोड आला." लोड तेवढाच होता. बोल्टनं तो एकट्यानं झेलला.

आणि जास्त आवळला तर? रबर एका मर्यादेपर्यंत ताणलं तर परत येतं, त्यापुढे ताणलं तर लांबच राहतं. पोलादाचंही तसंच. पाइप घालून ओढलेला बोल्ट त्या मर्यादेपलीकडे जातो, त्याची कंबर बारीक होते, आणि त्याच्यावर पुढे भरवसा ठेवता येत नाही. घट्ट वाटतो, पण मेलेला असतो. माझ्या त्या इंजिनात बहुधा हेच झालं. एका बोल्टनं अंग काढून घेतलं आणि शेजाऱ्यावर सगळं आलं.

पान्याचा आकडा आणि तेलाचं बोट

टॉर्क पाना आपल्याला ताण दाखवत नाही, तो फक्त किती जोरानं फिरवलं ते दाखवतो. या दोन्हींत फरक आहे. आपण लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा भाग. म्हणजे घर्षण थोडं बदललं की त्या दहाव्या भागाचं गणितच बदलतं.

एक उदाहरण देतो. हे आकडे तुमच्या इंजिनचे नाहीत, फक्त समजण्यासाठी आहेत. १० मिलिमीटरचा, १०.९ ग्रेडचा बोल्ट कोरडा ठेवून ७२ न्यूटन-मीटरला आवळला, तर ताण साधारण साडेतीन टनांच्या वर येतो. छान. तोच बोल्ट, तोच पाना, तोच ७२ चा आकडा, पण आट्यांना आणि बुडाला चांगलं वंगण, तर ताण पावणेपाच टनांच्या पुढे जातो आणि बोल्ट त्याच्या मर्यादेला टेकतो. गंजलेले, मातीचे आटे असतील तर उलटं: पाना "कट्ट" म्हणतो, पण आत ताण निम्मासुद्धा नसतो.

म्हणून कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नुसता आकडा बघून थांबू नका. बोल्ट कोरडा लावायचा की इंजिन ऑइल लावून, तेही बघा. ऑइल लावा म्हटलं असेल तर आट्यांना आणि नटाच्या किंवा बोल्टच्या डोक्याच्या बुडाखाली, दोन्हीकडे बोटानं लावा. जास्त नको. बोल्ट थेट रॉडच्या आंधळ्या भोकात जात असेल आणि भोकात तेल साचलं असेल, तर तेल दाबलं जात नाही आणि आकडा खोटा येतो. मॅन्युअलमध्ये नसेल तर आट्यांना चिकटणारं लॉकिंग लिक्विडही लावू नका. "सेफ्टीसाठी टाकलं" हे वाक्य मी फार ऐकलंय.

मोजमापाचा गोंधळ वेगळाच. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतो, काहींत फूट-पाउंडमध्ये, नव्यांत न्यूटन-मीटरमध्ये. पान्यावर बहुतेक वेळा दोन पट्ट्या छापलेल्या असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, आणि तेच ७.२ फूट-पाउंड. मॅन्युअलमध्ये ७० न्यूटन-मीटर लिहिलंय आणि तुम्ही फूट-पाउंडच्या पट्टीवर ७० लावलं, तर बोल्टवर गेले ९५ न्यूटन-मीटर. बोल्ट संपला. हे तीन आकडे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर टांगा. देवाच्या फोटोशेजारी टांगलं तरी चालेल, रोज नजर जाईल.

काम करताना

खोलतानाच काम सुरू होतं. प्रत्येक रॉड आणि तिची कॅप यांची जोडी कारखान्यात एकत्र तासून बनवलेली असते. एकाची कॅप दुसऱ्याला किंवा उलटी लावली की भोक गोल राहत नाही. नंबर कोरलेले असतातच. नसतील तर खोलायच्या आधी खुणा करा, नंतर आठवणार नाही. काही नव्या इंजिनांत रॉड आणि कॅप मुद्दाम तोडून वेगळी केलेली असते. त्या खडबडीत तोंडांवर ना पॉलिशपेपर मारायचा, ना ती खाली टेकवायची. ती तोंडं म्हणजेच त्यांचं कुलूप.

बोल्ट जुने वापरायचे की नवे? माझं मत सरळ आहे: फुल इंजिन असेल तर नवे, आणि तेही विश्वासू दुकानातून, कंपनीच्या पार्ट नंबरचे. ज्या इंजिनात टॉर्कनंतर अंशात फिरवायला सांगितलंय, तिथले बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तिथे चर्चाच नाही. जुनेच लावायची वेळ आली आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर एवढं तरी करा. नट हातानं पूर्ण आट्यांवरून फिरवून बघा. एका जागी अडला तर तिथे आटे ताणलेत, बोल्ट बाद. नव्या बोल्टशेजारी उभा करून लांबी व्हर्निअरनं मोजा. फरक दिसला तर बाद. कंबर बारीक, गंजाचा खड्डा, छिन्नीचा टोला, काहीही असलं तरी बाद. बाद म्हणजे भंगारात. डब्यात ठेवला की पोऱ्या कधीतरी तोच लावतो.

बेअरिंग बसवताना पाठ आणि रॉडचं भोक एकदम कोरडं आणि स्वच्छ ठेवा, तेल फक्त आतल्या बाजूला. बेअरिंगची वाटी कॅपपेक्षा केसभर वर राहते, ती चूक नाही. बोल्ट आवळल्यावर ती दाबली जाते आणि त्या दाबामुळेच जागेवर बसून राहते. वर दिसते म्हणून कानस मारणारे महाभाग मी पाहिलेत. ते बेअरिंग नंतर फिरतं आणि क्रँक घेऊन जातं. ढिल्या बोल्टनंही हेच होतं.

आवळताना दोन्ही बोल्ट आधी हातानं बसवा, मग आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत न्या. शेवटचा टप्पा एकाच सलग, संथ ओढीत. झटका देऊ नका. पाना एकदा बोलला की थांबा, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढायची सवय बऱ्याच जणांना असते, ती मोडा. मध्येच थांबलात तर थांबलेल्या जागेवरून सुटायला जास्त जोर लागतो आणि पाना लवकर बोलतो. तसं झालं तर तो बोल्ट ढिला करून परत घ्या.

अंशाची पद्धत असेल तर अंश मोजायची चकती घ्या, नाहीतर सॉकेटवर पेंटची खूण करून ९० अंश नजरेनं धरता येतात. ही पद्धत कंपन्यांनी का आणली? आट्यांचं अंतर ठरलेलं असतं, म्हणून किती फिरवला यावरून किती ताणला हे कळतं, आणि घर्षणाची लबाडी बरीचशी बाजूला पडते. म्हणून ४० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश असं लिहिलं असेल, तर "म्हणजे साधारण १०० ला आवळून टाकू" असं भाषांतर करू नका.

प्रत्येक रॉड झाली की क्रँक हातानं फिरवा. जड झाला तर तिथेच थांबा, पुढची रॉड हातात घेऊ नका. सहाही बोल्ट झाले की प्रत्येकावर पेंटची एक रेघ, बोल्टवरून कॅपवर जाणारी. रेघ नाही म्हणजे बोल्ट झालेला नाही. मध्ये फोन आला, गिऱ्हाईक आलं, चहा आला, तरी रेघ खोटं बोलत नाही. माझ्या मते गॅरेजमधली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे पेंटचा तो मार्कर.

आता पैशाचं बोलू

अर्ध्या इंची ड्राइव्हचा बरा क्लिक टॉर्क पाना काही हजारांत येतो. आपल्या कामाचा आकडा त्याच्या पट्टीच्या मधल्या भागात येईल असा घ्या, अगदी टोकाला नको. त्यानं बोल्ट खोलायचे नाहीत, त्याला हातोडीसारखं वापरायचं नाही, काम झालं की स्प्रिंग पट्टीच्या सगळ्यात खालच्या आकड्याला आणून डब्यात ठेवायचा. वर्षातून एकदा किंवा ५,००० ओढी झाल्या की तपासून आणायचा. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळा हे काम करतात आणि प्रमाणपत्र देतात. ते प्रमाणपत्र फ्रेम करून काउंटरवर लावा. गिऱ्हाइकाला न्यूटन-मीटर कळत नाही, पण मशीन तपासलेलं आहे हे कळतं. तुमच्या गावात ते लावणारे बहुधा तुम्हीच पहिले असाल.

भांडवल नाही म्हणता? हत्यारांसाठी मुद्राच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. टॉर्क पाना, व्हर्निअर, अंशाची चकती आणि चांगला गोटी पाना सेट एवढ्यात बसतो. आयटीआयला डिझेल मेकॅनिक किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक केलं असेल तर ते कागद बँकेत जोडा. मला विचाराल तर पहिल्या कर्जातून बोर्ड आणि काचेचं केबिन करू नका. हत्यार आधी.

आता अवघड भाग. गिऱ्हाईक म्हणतं, "बोल्ट कायले बदलता भाऊ? जुने तर ठणठणीत हाय." तुम्ही नवीन आहात, शेजारचा गॅरेजवाला कमी सांगतो, गिऱ्हाईक हातचं जाईल अशी भीती वाटते. मीही त्या भीतीपोटीच जुने लावले होते. अशा वेळी भांडायचं नाही, कोटेशनची पद्धत बदलायची. "इंजिनची मजुरी इतकी, किट इतकं, बोल्ट इतके" असं सुटं लिहिलं की गिऱ्हाईक बोल्टवर बोट ठेवतं. त्याऐवजी रॉडचे बोल्ट बेअरिंगच्याच ओळीत लिहा: "रॉड बेअरिंग आणि बोल्ट संच." आणि तोंडानं स्वच्छ सांगा की जुन्या बोल्टवर मी इंजिन बांधत नाही. दहातला एक जाईल. जाऊ द्या.

समजा इंजिनचं पूर्ण बिल ४०,००० आहे आणि सहा बोल्टांचे १,२०० होतात. तुमच्या दुकानात भाव विचारून हे आकडे बदलून घ्या. बिलाचे तीन टक्के. माझ्या त्या इंजिनात ब्लॉक, क्रँक, एक रॉड, एक पिस्टन-लायनर आणि पुन्हा सगळी मजुरी मीच घातली. सहा महिन्यांचा नफा गेला. सुडीचं नुकसान कशात धरायचं, ते मला आजही कळलेलं नाही.

जॉब कार्ड ठेवा. साध्या वहीत चालेल. तारीख, ट्रॅक्टरचा नंबर, तासांचं मीटर, कोणती बेअरिंग साइज, बोल्ट नवे की जुने, कोणता आकडा, कोरडे की तेल लावून, कोणी आवळले. खाली सही पोऱ्याची असेल तर त्याचीच घ्या, त्याचं लक्ष आपोआप वाढतं. त्याच पानाचा फोटो आणि पेंटच्या रेघांचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. गॅरंटी देणार असाल तर तीही त्याच पानावर लिहा, आणि उतारावर इंजिन ओव्हरस्पीड झालं, तेल न बदलता चालवलं, तर गॅरंटी नाही हेही लिहा. तोंडी गॅरंटीतून भांडणंच होतात.

आणि हंगाम सांभाळा. आपला जिल्हा सोयाबीन-तुरीचा. जूनमध्ये पेरणी, दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची काढणी. सप्टेंबर संपताना सगळ्यांना इंजिन उद्याच पाहिजे असतं, आणि घाईत बोल्ट राहतात. मी फुल इंजिनची कामं एप्रिल-मेमध्ये ओढायला सांगतो. तेव्हा ट्रॅक्टर उभा असतो, हातात वेळ असतो. उन्हाळ्यात काम देणाऱ्याला मजुरीत थोडी सूट द्या. ऑक्टोबरमध्ये फुल इंजिन आलंच, तर दिवस मागून घ्या, खोटा वायदा करू नका.

त्या काकांचं काय झालं, हे व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांनी विचारलं. पुढची दोन वर्षं ते आले नाहीत. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी इंजिनबरोबर सहज आल्यासारखे आले, दारात खाट टाकून बसले, चहा घेतला. मी रॉडला हात घातला तसे उठून जवळ आले.

"बोल्टची नवी पेटी कुठं हाय? दाखव मले."

मी दाखवली. त्यांनी पेटी उघडून एकेक बोल्ट बोटात फिरवून पाहिला, सहा मोजले, आणि परत खाटेवर जाऊन बसले. संध्याकाळी निघताना म्हणाले, उद्या माझा ट्रॅक्टर पाठवतो, पण काम चालू असताना मी इथंच बसतो.

बसले. दोन दिवस.